लॅपटॉपवर २५६०×१४४० येतच नाही, ड्रायव्हरची आयएनएफ फाईल बदलून येईल का?

शाईचा_डाग

नमस्कार मंडळी. आधीच सांगते की मी कॉम्प्युटरवाली नाही, मी पानं लावते. दिवाळी अंक, लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल असलं सगळं, घरूनच, पार्ल्यात. लॅपटॉप जुना आहे, थर्ड जनरेशन आय फाईव्ह, ग्राफिक्स इंटेल एचडी ४०००, विंडोज १० चौसष्ट बिट. त्याची स्वतःची स्क्रीन १३६६×७६८, त्यात समोरासमोरची दोन पानं एकत्र बघायला गेलं तर वेलांटी र्‍हस्व आहे का दीर्घ तेही कळत नाही.

म्हणून गेल्या शनिवारी लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड २७ इंची मॉनिटर उचलला, २५६०×१४४० चा. ग्रँट रोडला मालडब्यात चढवून स्लो लोकलने आणला, एक मासळीवाली मावशी पूर्ण प्रवासभर विचारत होती की टीव्ही कितीला पडला. घरी येऊन एचडीएमआयला लावला तर यादीत सगळ्यात वर १९२०×१०८०, त्याच्या पुढे काही नाहीच. २७ इंचावर १०८० म्हणजे अक्षरं जास्त भिजलेल्या पोह्यांसारखी दिसतात.

इंटेलच्या कंट्रोल पॅनेलमध्ये कस्टम रेझोल्यूशन म्हणून आहे तिथे २५६०, १४४०, ६० टाकलं तर म्हणतं कमाल बँडविड्थच्या बाहेर जातंय. दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला मॅडम डिस्प्ले पोर्टवर घ्या, आणि एका टोकाला एचडीएमआय दुसऱ्या टोकाला डिस्प्ले पोर्ट अशी केबल दिली साडेचारशेला, ती लावली तर मॉनिटर नो सिग्नल म्हणून झोपतो. मग एका जुन्या पोस्टमध्ये वाचलं की ड्रायव्हरचं फोल्डर उघडायचं, त्यातली आयजीडीएलएच६४ नावाची आयएनएफ फाईल (ड्रायव्हर बसवायच्या सूचना असतात ती) नोटपॅडमध्ये घ्यायची, टोटलडीटीडीकाउंट शून्य असतं ते १ करायचं आणि खाली डीटीडी१ च्या ओळीत आकडे चिकटवायचे. केलं. इन्स्टॉल करायला गेले तर, या फाईलचा हॅश कॅटलॉगमध्ये नाही, फाईल खराब झालीय किंवा कोणीतरी छेडछाड केलीय. कोणीतरी म्हणजे मीच की!

तरी सोडलं नाही. शिफ्ट धरून रीस्टार्ट, स्टार्टअप सेटिंग्ज, ७ दाबून ड्रायव्हरची डिजिटल सही तपासणं बंद, मग डिव्हाइस मॅनेजरमधून हॅव डिस्क करून घातला एकदाचा. लाल पाटी आली, तरीही इन्स्टॉल करा म्हटलं, झाला. पण यादीत २५६० नाही ते नाहीच!! अजून कुठल्या ओळी बदलायच्या असतात का? आणि टेस्ट साइनिंग (कंपनीची सही नसलेले ड्रायव्हर चालू देणारा मोड) कायमचं चालू ठेवावं लागेल का? दिवाळी अंकाचा पहिला फॉर्म (एकत्र छापायच्या पानांचा गठ्ठा) पंधरा दिवसांत प्रेसला जायचाय.

परळ_ब्रिजखाली

भावा २०१२ चा लॅपटॉप आहे तो, त्याला कशाला छळतोस. नवीन घे, विषय संपव.

शाईचा_डाग

भावा नाही, ताई. आणि नवीन घ्यायचे पैसे असते तर मासळीच्या टोपल्यांमध्ये उभी राहून मॉनिटर कशाला आणला असता. कोणाला खरंच माहीत असेल तर सांगा ना.

रात्रपाळी

ताई, फाईल बरोबर बदललीत, सही पण बरोबर चुकवलीत, पण खणताय चुकीच्या जागी. जरा लांबण लावतो पण एकदा कळलं की पुढच्या मॉनिटरलाही उपयोगी पडेल.

ती यादी ड्रायव्हर मनाने बनवत नाही. केबल लावली की मॉनिटर आपली कुंडली पाठवतो, तिला ईडीआयडी म्हणतात, मूळ कुंडली फक्त १२८ बाइट्सची (एचडीएमआयवाल्या मॉनिटरची मागे अजून एक पुरवणी असते). त्यात मी कोण, माझा आकार काय आणि मला कुठली रेझोल्यूशन कुठल्या टायमिंगने चालतात ते लिहिलेलं असतं, एकेका टायमिंगचं सविस्तर वर्णन १८ बाइट्सचं. ड्रायव्हर ते वाचतो आणि स्वतःला जे झेपत नाही ते गुपचूप गाळतो, उरतं ते तुम्हाला यादीत दिसतं. आयएनएफमधली डीटीडी ओळ म्हणजे असंच एक १८ बाइट्सचं वर्णन मागच्या दाराने घुसवणं. पण तुमचा मॉनिटर मुळातच ओरडून सांगतोय की मला १४४० चालतं, तिथे कमी नाहीये. गाळणं दुसऱ्या बाजूला होतंय, म्हणून आयएनएफमध्ये शंभर ओळी घातल्या तरी त्या शंभरही गाळल्या जातील.

का गाळतोय ते बघू. २५६० गुणिले १४४० गुणिले ६० एवढा हिशोब पुरत नाही. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत किरण ओळीच्या शेवटी पोचला की परत डावीकडे यायला वेळ लागायचा, खाली पोचला की परत वर जायला. ती मोकळी जागा एलसीडी आल्यावरही राहिली, फक्त कमी केली, त्याला रिड्यूस्ड ब्लँकिंग म्हणतात. ती धरून तुमचं चित्र होतं २७२० बाय १४८१. त्याला ६० ने गुणलं की पिक्सेल क्लॉक, म्हणजे सेकंदाला ठिपके पाठवायचा वेग, साधारण २४१.५ मेगाहर्ट्झ. एचडी ४००० एचडीएमआयवरून जास्तीत जास्त २२५ ढकलू शकतो. १०८० ला लागतात १४८.५, ते आरामात बसतात म्हणून तुमची गाडी तिथे थांबलीय. हीच चिप डिस्प्ले पोर्ट असता तर १४४० ला ६० देऊन मोकळी झाली असती, अडचण एचडीएमआयच्या वाटेची आहे.

आता गंमत अशी की ६० चा हट्ट सोडला तर काम होतं. २७२० × १४८१ × ५५ करा, २२१.५ च्या आसपास येतं. २२५ च्या आत. पानं लावायला ५५ हर्ट्झ आणि ६० हर्ट्झ यातला फरक कोणाच्या बापाला कळणार नाही.

तुम्ही चिकटवलेली ओळ बघा, पहिले दोन बाइट्स ५६ आणि ५ई असतील तर ती २४१.५ वालीच आहे. पहिले दोन बाइट्स म्हणजे पिक्सेल क्लॉक, १० किलोहर्ट्झच्या एककात, आणि उलटा लिहिलेला, धाकटा बाइट आधी. २२१.५० हवा असेल तर आकडा २२१५०, सोळाच्या पायात तो ५६८६ होतो, उलटा केला की ८६ ५६.

शाईचा_डाग

आत्ता उघडून बघितलं, ५६ ५ई च आहे!! म्हणजे मी फक्त ते दोन बदलून परत सगळं करू? सात दाबणं, लाल पाटी, सगळं?

रात्रपाळी

नको नको, ते कसं चालतं ते कळावं म्हणून सांगितलं. आयएनएफचा मार्ग मी आता कोणालाच सुचवत नाही. एक तर सही तुटते, ७ दाबून बंद केलेली तपासणी त्या एका बूटपुरती असते, आणि टेस्ट साइनिंग कायम चालू ठेवायचं म्हणजे दाराला कडी न लावता झोपणं, सिक्युअर बूट (सुरू होतानाच सह्या तपासणारी सोय) चालू असलेल्या मशीनवर तर ते चालूच देत नाहीत. दुसरं, विंडोज अपडेट कधीतरी रात्री येऊन स्वतःचा ड्रायव्हर बसवून जातं आणि तुमची फाईल गेली, तेही नेमकी प्रेसच्या आदल्या दिवशी.

आधी डिव्हाइस मॅनेजरमधून ड्रायव्हर रोल बॅक करा, मूळ सहीवाला येऊ दे. मग साधा उपाय, इंटेलच्या त्याच कस्टम पॅनेलमध्ये परत जा, रिफ्रेश ६० ऐवजी ५५ टाका आणि टायमिंग स्टँडर्ड सीव्हीटी आरबी (आरबी म्हणजे तेच रिड्यूस्ड ब्लँकिंग) निवडा. तिथे जीटीएफ किंवा साधं सीव्हीटी ठेवलं तर ब्लँकिंग ट्यूबच्या जमान्याचं धरतात, साध्या सीव्हीटीने १४४० ला ६० साठी ३१२ मेगाहर्ट्झ लागतात, मग बँडविड्थ ओलांडली म्हणून ओरडणारच.

तिथे नाही जमलं तर सीआरयू, कस्टम रेझोल्यूशन युटिलिटी, टोस्टीएक्स नावाच्या माणसाने केलेलं फुकट टूल आहे. ते ड्रायव्हरच्या फाईलला हातच लावत नाही. मॉनिटरची कुंडली रजिस्ट्रीत (विंडोज आपली सेटिंग्ज ठेवतं तिथे) दुरुस्त करून ठेवतं, ही सोय विंडोजनेच दिलेली आहे, म्हणून सहीची भानगड नाही आणि ड्रायव्हर बदलला तरी मॉनिटरच्या नावावर ते टिकतं (इंटेलचे काही जुने ड्रायव्हर ही दुरुस्ती वाचत नाहीत, करूनच बघावं लागेल). वर मॉनिटर निवडा, डिटेल्ड रेझोल्यूशनमध्ये ॲड, २५६० १४४० आणि ५५, टायमिंग एलसीडी स्टँडर्ड, खाली पिक्सेल क्लॉक दिसेल तो २२५ च्या आत आहे ना बघा, ओके, मग त्याच फोल्डरमधलं रीस्टार्ट६४ चालवा. स्क्रीन दोनदा काळी होईल, घाबरू नका. जमलं नाही तर रीसेट ऑल आहे, सगळं पूर्ववत.

एक सांभाळा, खालच्या चौकटीत एक्स्टेन्शन ब्लॉक (कुंडलीची ती मागची पुरवणी) दिसेल तो उडवू नका. एचडीएमआयची ओळख त्या ब्लॉकमध्ये असते. ती गेली की ड्रायव्हर मॉनिटरला साधा डीव्हीआय (एचडीएमआयच्या आधीची जोडणी) समजतो आणि मर्यादा २२५ वरून थेट १६५. एकाने साफसफाई म्हणून तो ब्लॉक काढला आणि मग दोन दिवस माझं डोकं खाल्लं.

आणि ती साडेचारशेची केबल परत करा. तसल्या बहुतेक केबली एकाच दिशेने चालतात, लॅपटॉपला डिस्प्ले पोर्ट आणि मॉनिटरला एचडीएमआय. उलट्या दिशेला आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. दुकानदाराला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

जुना_बाजार

आयएनएफ शब्द वाचून डोळे पाणावले राव. आमच्या काळी लॅपटॉपच्या ग्राफिक्सला कंपनी एकदा ड्रायव्हर द्यायची आणि विसरून जायची. चिप बनवणाऱ्याकडे नवीन ड्रायव्हर असायचा पण लॅपटॉपवर घालायला गेलं की हा ड्रायव्हर या कॉम्प्युटरसाठी तपासलेला नाही, उत्पादकाकडे जा. मग आयएनएफमध्ये आपल्या चिपचा हार्डवेअर आयडी हाताने लिहायचा. एटीआयवाल्यांसाठी मोबिलिटी मॉडर म्हणून टूलच होतं, डेस्कटॉपचा कॅटलिस्ट (एटीआयचा ड्रायव्हर) घ्या, त्यातून काढा, लॅपटॉपवर घाला. ३२ बिट एक्सपीला सहीची फार कटकट नव्हती, एक पिवळी पाटी यायची, कंटिन्यू एनीवे म्हणायचं. व्हिस्टा चौसष्ट बिटपासून सगळं कडक झालं.

आणि नेटबुक! १०२४×६०० ची स्क्रीन, ओके बटण कायम स्क्रीनच्या खाली, दिसायचंच नाही, टॅब मोजून अंदाजाने एंटर मारायचो. त्यावर हौसेने विंडोज ८ घातलं तर त्याची टाइल्सवाली ॲप्स किमान १०२४×७६८ मागायची, उघडायचीच नाहीत. तेव्हा रजिस्ट्रीत डिस्प्ले१ अंडरस्कोर डाउनस्केलिंगसपोर्टेड शोधून शून्याचा १ करायचा, रीस्टार्ट, की ७६८ यायचं. यायचं म्हणजे काय, ७६८ ओळी ६०० मध्ये दाबून बसवायचं, मराठी तर वाचताच यायचं नाही, अनुस्वार सगळे उडालेले. पण ॲप उघडायचं. त्या आनंदाची सर आताच्या कशाला नाही.

परळ_ब्रिजखाली

काका विषयावर या

जुना_बाजार

विषयावरच आहे रे. ताईंना सांगतोय की दाबून बसवलेलं रेझोल्यूशन आणि खरं रेझोल्यूशन यात फरक असतो. त्यांच्या मॉनिटरला खरे २५६० ठिपके आहेत म्हणून ही मेहनत घ्यायची. लॅपटॉपच्या १३६६ च्या स्क्रीनवर कोणी १९२० आणायला बसलं तर यादीत येईलही, पण ठिपके तेवढेच राहणार, अक्षर अजून फाटणार.

खडू_फळा

मध्येच घुसतो, माफ करा, नवीन धागा काढायला लाज वाटली. मी शिक्षक आहे, शाळेत प्रोजेक्टर भिंतीवर वर टांगलेला, खाली टेबलापर्यंत लांबलचक व्हीजीए केबल, लॅपटॉपवर फक्त १०२४×७६८ आणि त्याखालचं. प्रोजेक्टर १२८०×८०० चा आहे, पुस्तिकेत लिहिलंय. घरच्या मॉनिटरला तोच लॅपटॉप नीट चालतो. मीही आयएनएफ बदलायच्या बेतात होतो, वरचं वाचून हात आवरला.

रात्रपाळी

सर, तुमचा आजार याच्या उलटा आहे. तुमच्याकडे कुंडली पोचतच नाहीये. कोण बसलाय ते ड्रायव्हरला कळत नाही, म्हणून तो बेतानं वागतो आणि कोणालाही चालेल असं १०२४×७६८ देतो. व्हीजीएत कुंडली दोन पिनांवरून येते, १२ आणि १५. स्वस्त लांब केबलीत त्या दोन तारा सरळ वाचवतात, कारण रंग आणि सिंक त्यांच्याशिवायही जातात, चित्र दिसतं, कोणाला संशय येत नाही. एकदा घरची छोटी केबल नेऊन प्रोजेक्टरला डायरेक्ट लावून बघा, शिडी लागेल. १२८०×८०० आलं तर केबल बदला, ड्रायव्हरला हात लावू नका. टॉर्च मारून पिना पण मोजा, तीन ओळी असतात, पाच पाच. मधल्या ओळीत एक नसेल तर घाबरू नका, ती ९ नंबरची, बऱ्याच चांगल्या केबलीतही नसते. खालची ओळ बघा, ११ ते १५.

शाईचा_डाग

अपडेट. ड्रायव्हर रोल बॅक केला. इंटेलच्या पॅनेलमध्ये सीव्हीटी आरबी ५५ घेतलं त्याने, पण रीस्टार्ट केल्यावर परत १०८०, दोनदा केलं दोनदा तसंच. मग सीआरयू. खाली २२१.५६ दाखवत होतं, हृदय धडधडत ओके केलं, रीस्टार्ट६४, काळं, काळं, आणि आलं!!! २५६०×१४४०!! दोन पानं शेजारी शेजारी आणि मधला गटर (दोन पानांमधली कोरी पट्टी) पण दिसतोय, मी अक्षरशः आईला हाक मारली, ती म्हणाली एवढं बारीक कशाला केलंस.

पण पांढऱ्या पानावर अधूनमधून हिरवे पांढरे ठिपके चमकतात, पावसात काचेवर थेंब पडल्यासारखे, आणि पाच दहा मिनिटांनी एकदा स्क्रीन सेकंदभर जाते. मॉनिटर बिघडलेला दिला की काय त्याने?

रात्रपाळी

मॉनिटर नाही, केबल. किती लांब आहे आणि तिच्यावर काय छापलंय?

शाईचा_डाग

पाच मीटर, टीव्हीची होती घरात. छापलेलं काही नाही, नुसतं एचडीएमआय.

रात्रपाळी

मग तेच. एचडीएमआय केबलीत साधी आणि हाय स्पीड अशा दोन जाती जुन्या काळापासून आहेत. साधीची चाचणी ७४.२५ मेगाहर्ट्झपर्यंतच केलेली असते, ७२० किंवा १०८०आय पुरती. हाय स्पीड ३४० पर्यंत. साध्या केबलीवर १०८० ही बहुतेक वेळा चालून जातं म्हणून कोणी तक्रार करत नाही, तुम्ही पाच मीटरवरून २२१ ढकलताय, ठिपके येणारच. हाय स्पीड लिहिलेली दीड मीटरची घ्या. तोपर्यंत सीआरयूत अजून एक एंट्री ५० हर्ट्झची घाला, तिला २०१ च पुरतात, त्या केबलवर कदाचित निभावेल.

परळ_ब्रिजखाली

ताई माझ्याकडे दीड मीटरची हाय स्पीड पडून आहे, नवीन लॅपटॉपबरोबर घेतली होती (हो मी घेतला, हसू नका). दादरला मिळाल्यात तर देतो, पैसे नको.

शाईचा_डाग

अरे वा भावा, आता तू खरा भावा. दिवाळी अंकाची एक प्रत तुझी.

आणि ५० वर ठिपके गेले, पूर्ण गेले. माऊस जरा जड वाटतो पहिले पाच मिनिटं, मग विसरायला होतं. आज सोळा पानांचा फॉर्म लावला, तीन ठिकाणी रफार चुकीच्या अक्षरावर बसलेला सापडला जो मागच्या वर्षी तसाच छापला गेला होता. संपादकांना सांगायचं की नाही विचार करतेय.

जुना_बाजार

मागच्या वर्षीचं सांगू नका. 🙂

खडू_फळा

शिडी काढून बघितली. छोट्या केबलवर लगेच १२८०×८०० आलं. मग लांबवाली काढून टॉर्च मारला, वरच्या ओळीत पाच, मधल्या ओळीत चार, खालच्या ओळीत तीन. शिपाईकाका म्हणाले सर ही केबल आहे तेव्हापासून अशीच आहे. आता पंधरा मीटरची पूर्ण पिनांची केबल कुठे मिळेल, लॅमिंग्टन रोडलाच जाऊ का?

रात्रपाळी

तिथेच जा, पण दुकानात उभं राहून टोपण काढा आणि मोजून घ्या. आणि पिन दिसली म्हणजे आत तार असेलच असं नाही, म्हणून लॅपटॉप बरोबर न्या, दुकानातल्या मॉनिटरला त्याच केबलने लावून यादी बघा आणि मगच पैसे द्या.